वाघ (तोंड), वापरलेलं

माझ्या संग्रहात एकूण एक वस्तू आहे. मराठीत 'एकूण एक' म्हणजे 'झाडून सगळ्या' असाही अर्थ होतो. इथे तो घेऊ नये. मोजून एक.

एका वस्तूला संग्रह म्हणता येतं का, हा प्रश्न प्रथम आमच्या सौ.ने उपस्थित केला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि गेली वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून आहे. तेव्हा मी तिला शांतपणे समजावलं, की खात्यात एक रुपया शिल्लक असला तरी ते खातंच असतं. त्याला नंबर असतो, पासबुक असतं...

"आणि शिल्लक कमी पडली म्हणून दंडही असतो," ती म्हणाली. बँकवाल्याशी लग्न होऊन पंधरा वर्षं झाली की बायकांना असले मुद्दे सुचायला लागतात.

तर ही वस्तू म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर रंगवलेला वाघाचा जबडा. पूर्ण वाघ नव्हे. नुसता खालचा जबडा, दोन सुळे आणि जिभेचा शेंडा. बाकीचा वाघ कुठे आहे ते मला ठाऊक नाही. जबडा शेरखानाचा आहे, जपानात रंगवलेला आहे, आणि पडद्यावर तो फार तर एक अष्टमांश सेकंद दिसला असेल. त्यासाठी मी साडेनऊ हजार रुपये मोजले. टपाल आणि जकात वेगळी. म्हणजे सेकंदाचा भाव पडला शहात्तर हजार रुपये. इतक्या महाग सेकंदात मी आयुष्यात दुसरं काहीही केलेलं नाही.

हे असं का झालं ते सांगायचं तर इतिहासात शिरावं लागेल. घाबरू नका. शाळेत इतिहासात मला पस्तीसच्या वर कधी गुण नव्हते. त्यामुळे मी तुम्हाला फार खोल नेऊ शकत नाही.

मी बावधनला राहतो. नुसतं 'बावधन' म्हटलं की साताऱ्याकडची मंडळी "म्हणजे बगाडाचं?" असं विचारून हात जोडतात. ते बावधन वाई तालुक्यातलं. तिथे रंगपंचमीला बगाड निघतं. आमचं पुण्याजवळचं, चांदणी चौकापलीकडचं. त्यातही बुद्रुक आणि खुर्द असे दोन भाग आहेत, आणि आम्ही बुद्रुक, म्हणजे मुळशी तालुका. २०२१ साली आम्ही पुणे महापालिकेत गेलो. गेलो म्हणजे आम्ही जागच्या जागीच होतो, फक्त कराची पावती बदलली. अशा ह्या गावात जपानी कार्टूनचा जबडा यावा असं वरवर पाहता काही कारण नाही. कारण आहे ते नारायण पेठेत, १९९३ साली.

तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या वाड्यात नऊ बिऱ्हाडं आणि रंगीत टीव्ही एक, तोही मालकांकडे. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं. त्या अर्ध्या तासात वाड्यातल्या एकाही पोराला आंघोळीला हाक मारून उपयोग नसे. शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाज यांची. सुरू झालं की माजघरातल्या आज्यासुद्धा मान डोलवायच्या. मोगली लांडग्यांत वाढायचा, बघीरा समजूत घालायचा, बल्लू लाड करायचा, आणि मग झुडपातून शेरखान निघायचा. त्याचा आवाज नाना पाटेकरांचा. तो आवाज आला की पुढे बसलेली लहान पोरं आपोआप मागे सरकत आणि मागच्यांच्या मांडीवर जाऊन बसत.

आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, हेही बँकेतच होते. ते पोरांत बसत नसत. मालकांच्या उंबरठ्यावर वर्तमानपत्र घेऊन बसत आणि "काय पोरकटपणा लावलाय" असं दर रविवारी एकदा म्हणत. मात्र त्या अर्ध्या तासात त्यांच्या वर्तमानपत्राचं पान एकदाही उलटत नसे. रात्री मी पानात भाजी टाकली की खरा प्रकार उघडकीला येई. अण्णा मान खाली घालून, डोळे वर करून शेरखानाच्या आवाजात बोलत. शब्द मात्र नानांचे नसत, अण्णांचे स्वतःचे. काय म्हणत ते शेवटी सांगतो. भाजी संपायची, एवढं आत्ता पुरे.

ही मालिका जपानी आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. जंगल आपलं, वाघ आपला, बोलणं हिंदी. संशय घ्यायला जागाच नव्हती. पुढे मोठेपणी, हिशेब जुळवायची सवय लागल्यावर, मी ह्या वाघाची खतावणी मांडली. ती अशी: रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मला, तोही जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, कारण वडील जॉन लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायला आले होते. पाचसहा वर्षांचा असताना त्याला इंग्लंडला धाडलं. 'द जंगल बुक' त्याने लिहिलं अमेरिकेत, व्हरमाँटला. प्रसिद्ध झालं १८९४ साली. त्यावरून टोकियोच्या निप्पॉन ॲनिमेशनने ५२ भागांची मालिका केली; ती जपानी दूरचित्रवाणीवर ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० अशी वर्षभर चालली. तीच हिंदीत होऊन आमच्या वाड्यात आली, आणि शेरखानाला आवाज मिळाला तो मुरुड-जंजिऱ्याकडच्या मराठी माणसाचा. म्हणजे माल मुंबईतून निघाला, लंडन, अमेरिका, टोकियो करून पृथ्वीप्रदक्षिणा घालून कोकणातल्या गळ्यातून बाहेर पडला. आमच्याकडे एखादा धनादेश असा फिरून आला असता तर 'पक्षकाराकडे परत' असा शेरा मारून पाठवला असता.

आता 'सेल' म्हणजे काय ते सांगायला हवं. मॉलमधला नव्हे आणि बॅटरीतलाही नव्हे. कार्टूनपटाच्या सुरुवातीच्या दिवसांत प्रत्येक चित्र कागदावर अथपासून इतिपर्यंत काढावं लागे. वाघाने पाऊल उचललं की वाघ पुन्हा काढा, आणि त्याच्यामागचं झाडही पुन्हा काढा, जरी झाड बिचारं हललेलं नसलं तरी. १९१४ साली अमेरिकेत अर्ल हर्ड ह्या गृहस्थांनी ह्यावर तोड काढून तिचं पेटंट मागितलं. झाड एकदाच कागदावर रंगवायचं, आणि वाघ पारदर्शक सेल्युलॉइडच्या तुकड्यावर काढून त्यावर ठेवायचा. पाऊल बदललं की वरचा तुकडा बदलायचा. रेषा पुढच्या अंगाने, रंग मागच्या अंगाने, म्हणजे रेषा झाकली जात नाही. आमच्या छापील फॉर्मचंच तत्त्व: मजकूर कायम, फक्त नाव आणि रक्कम वेगळी.

जपान्यांनी ह्यात आणखी काटकसर केली. सिनेमात सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. पण ओसामू तेझुका ह्यांनी १ जानेवारी १९६३ पासून 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका दर आठवड्याला अर्धा तास द्यायचं पत्करलं, तेव्हा एवढी चित्रं काढणार कोण? मग एकच चित्र तीनतीन चौकटी दाखवायचं, म्हणजे सेकंदाला आठांत भागतं. त्यातून पात्र नुसतं उभं राहून बोलत असेल तर अंग एका सेलवर स्थिर ठेवायचं आणि तोंडं तेवढी वेगळ्या सेलवर बदलत राहायची: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. एक वाघ, तीन तोंडं, भाषण कितीही लांब. ही पद्धत जपान्यांनी वापरली असली तरी तिचा आत्मा अस्सल पुणेरी आहे.

आणि काम झाल्यावर ह्या सेलचं काय व्हायचं? कचरा. डिस्नेच्या कारखान्यात सुरुवातीच्या काळात रंग धुऊन तेच सेल पुन्हा वापरत, आपण दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालतो तसे. 'स्नो व्हाइट'चा १९३७ साली बोलबाला झाल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्व्हाझिए गॅलरीने १९३८ पासून हे सेल चौकटीत बसवून विकायला काढले, तेव्हा ही 'कला' आहे असं प्रथम ठरलं. तरी १९५५ साली डिस्नेलँड उघडलं तेव्हा तिथल्या दुकानात सेल काही डॉलरांत मिळत. जपानात तर पुष्कळ काळ तो उरलेला मालच होता. ठेवायला जागा नाही म्हणून फेकायचा, आणि बघायला आलेल्या पोरांच्या हातात जाताना एकेक ठेवायचा.

मग संगणक आला. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून जपानी स्टुडिओंनी एकामागून एक रंगाच्या बाटल्या बंद केल्या. १९६९ पासून चाललेली 'साझाए-सान' ही घरगुती मालिका तेवढी हट्टाने हातरंगावर राहिली, तीही २०१३ साली संगणकावर गेली. आणि वस्तू बनायची थांबली की तिची किंमत सुरू होते, ह्या नियमाने सेलना भाव आला. आपल्या चार आण्यांचं तेच झालं. २०११ साली ते चलनातून गेले. तोवर काउंटरवर कुणी त्यांना हात लावायला तयार नव्हतं; गेल्यावर मात्र घरोघरी 'आमच्याकडे आहेत हं अजून' सुरू झालं.

इथवरचा इतिहास मला आधीपासून ठाऊक नव्हता. मी तो २०२१ सालानंतर वाचला. त्या वर्षी अण्णा गेले.

अण्णांच्या कपाटात १९६८ पासूनची पासबुकं वर्षवार लावलेली सापडली. विजेची बिलं सापडली, रेशनकार्डाच्या तीन पिढ्या सापडल्या. मोबाइलमध्ये त्यांचे फोटो शंभरावर निघाले. पण सगळ्या फोटोंत अण्णा तोंड मिटून. फोटो काढतायत म्हटलं की ते पासपोर्टसाठी बसल्यासारखे बसत. बोलतानाचं चित्रीकरण एकही नाही. एका मुंजीच्या व्हिडिओत ते दिसतात, तर त्यावर व्हिडिओवाल्याने सनई घातलेली. शेवटच्या रकान्यापर्यंत हिशेब लिहून ठेवणाऱ्या माणसाचा आवाज तेवढा कुठे जमा झालेला नव्हता. मी आठवायला बसलो की नानांचा आवाज यायचा. तो कुठेही ऐकायला मिळतो. त्याच्या आड अण्णांचा होता तो हळूहळू पुसट व्हायला लागला.

अशा मनःस्थितीत माणूस रात्री साडेअकराला मोबाइलवर काय वाटेल ते विकत घेतो. जपानमधल्या एका विक्रेत्याने 'शेरखान, अस्सल सेल, मालिकेत वापरलेला' अशी जाहिरात दिली होती. चित्र अंधुक होतं, वर्णन जपानी, आणि भाषांतर मोबाइलने केलेलं. मी कर्ज मंजूर करताना लोकांना अटी वाचायला लावतो. इथे मी एकही अट वाचली नाही.

महिन्याभराने पार्सल सोडवायला बोलावणं आलं. काउंटरवरच्या बाईंनी पाकिटावरची चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि चष्मा कपाळावर ढकलून माझ्याकडे पाहिलं.

"ह्यात काय आहे?"

"वाघ," मी म्हणालो.

"इथे लिहिलंय: वाघ, कंसात तोंड, वापरलेलं."

माझ्यामागची रांग शांत झाली. रांग शांत झालेली मी वीस वर्षांत दुसऱ्यांदा पाहिली. पहिली खेप नोटाबंदीची होती. आतून एक साहेब आले. १९७२चा वन्यजीव कायदा मला माहीत आहे का, असं त्यांनी अतिशय सौम्य आवाजात विचारलं. मी पदवीधर आहे असं काहीतरी उत्तर दिलं. पाकीट फोडण्यात आलं. पुठ्ठा निघाला, आणखी पुठ्ठा निघाला, आणि शेवटी साहेबांनी चिमटीत धरून तो पारदर्शक कागद खिडकीच्या उजेडात उचलला. आकाश, समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी, आणि त्यांच्यापुढे अधांतरी, कुणाचाच नसलेला एक लालभडक जबडा. कोपऱ्यात काळ्या शाईने एक आकडा.

मीही तो तेव्हाच प्रथम पाहिला. पूर्ण वाघ गेला होता दुसऱ्या कुणाच्या वाट्याला. मला तिसऱ्या थरातलं तोंड आलं होतं.

साहेब बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा जंगल बुकमधला ना? नाना पाटेकरांचा आवाज होता ह्याला." मी मान हलवली. "आम्ही मिरजेला असताना बघायचो," ते म्हणाले, आणि शिक्का मारून पाकीट माझ्या हातात दिलं. जकात मात्र पूर्ण घेतली.

घरी जबडा टेबलावर ठेवल्यावर कुटुंबाची प्रतिक्रिया नोंदवण्यासारखी होती. आई म्हणाली, "अरे, दात चांगले आहेत ह्याचे." सौ. म्हणाली, "साडेनऊ हजारांत माणसाची कवळी झाली असती." चिरंजीव वय वर्षे अकरा, तो म्हणाला, "बाबा, ही पीएनजी फाइल आहे." चित्राची पार्श्वभूमी पारदर्शक असली की संगणकात त्याला असं काहीतरी म्हणतात. अर्ल हर्डने ११० वर्षांपूर्वी लढवलेली अक्कल पोराने एका वाक्यात ओळखली, आणि पुन्हा आपल्या मोबाइलमध्ये शिरला.

आता जपणुकीचा प्रश्न. बँकेत मी एकच तत्त्व शिकलो आहे: मौल्यवान वस्तू कुलपात. मी जबडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला चिकटपट्टी लावली, ती पत्र्याच्या डब्यात घातली, आणि डबा लॉकरमध्ये, सौ.च्या पाटल्यांशेजारी. वर्षभर मी निश्चिंत होतो. पुढच्या वर्षी लग्नसराईत पाटल्या काढायला सौ. गेली, आणि तिथूनच तिचा फोन आला.

"अहो, लॉकरमध्ये लोणचं ठेवलं होतंत का?"

नव्हतं ठेवलं. तो वास जबड्याचा होता. हे सेल ॲसिटेट जातीच्या प्लॅस्टिकचे असतात. वय झालं की दमटपणाने आणि उष्म्याने त्यांतून ॲसिटिक आम्ल सुटायला लागतं. आम्ल म्हणजे आपलं व्हिनेगरच. जगभरचे चित्रपटसंग्राहक ह्या रोगाला व्हिनेगरच्याच नावाने ओळखतात. ह्यातली मेख अशी, की सुटलेली वाफ बाहेर गेली नाही तर तीच पुन्हा प्लॅस्टिकला खाते, आणि मग आणखी वाफ सुटते. चक्रवाढ व्याज! आयुष्यभर मी लोकांना ज्याची गोडी लावली तेच माझ्या ठेवीवर उलटं चढत होतं. उपाय काय? गेलेलं परत येत नाही. पुढचं लांबवता येतं. गार, कोरडी जागा आणि खेळती हवा. थोडक्यात, कुलूप सोडून बाकी सगळं.

जबड्याची कड किंचित वाकली होती. एका सुळ्याचा रंग उचलला होता. नुकसान कुणाच्या नावे टाकायचं, हा प्रश्न नव्हता. पिशवीला चिकटपट्टी मीच लावली होती.

मन रमेना तेव्हा एका रविवारी मी चिरंजीवांना घेऊन शुक्रवार पेठेत गेलो. जुन्या वस्तू जपणं म्हणजे काय, हे पुण्यात बघायचं तर राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर १८९६ साली जन्मले. 'अज्ञातवासी' ह्या नावाने कविता करत. पोटासाठी चष्म्यांचं दुकान. पण जी वस्तू कुणाला दिसत नव्हती ती ह्या चष्मेवाल्याला दिसली. लोक राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवत होते तेव्हा हे गृहस्थ गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे, फण्या, दौती गोळा करत होते. जवळजवळ साठ-सत्तर वर्षं हे चाललं. वीस हजारांवर वस्तू झाल्या. १९७५ साली त्यांनी त्या सगळ्या महाराष्ट्र शासनाला देऊन टाकल्या आणि १९९० साली ते गेले. संग्रहालयाला त्यांनी आपलं नाव दिलेलं नाही. 'राजा' हा त्यांचा मुलगा. तो लहानपणीच गेला. संग्रह त्याच्या नावाने आहे.

हे मी पूर्वीही वाचलं होतं. त्या दिवशी अडकित्त्यांच्या कपाटापुढे उभा असताना ते मला कळलं.

केळकरांच्या संग्रहात पैठणची चित्रकथी चित्रंही आहेत. ती आठवली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चित्रकथी म्हणजे काय? हातभर कागदावर रंगवलेले राम, रावण, घटोत्कच. एकेक चित्र पुढे उभं करायचं, संपलं की दुसरं लावायचं, आणि चित्राच्या आड बसून एक माणूस वीणा-टाळाच्या साथीवर सगळ्यांचं बोलणार. चित्र मुकं, आवाज दुसऱ्याचा! आमच्या वाड्यातलं 'जंगल बुक' तरी दुसरं काय होतं? कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींनी ही कला धरून ठेवली. तिथले परशुराम गंगावणे ह्यांनी आपल्या गोठ्याचंच संग्रहालय केलं, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेही चित्रं नुसती ठेवत नाहीत; ती लावतात आणि बोलतात.

आणि योगायोग पाहा. युगो साको नावाच्या जपानी गृहस्थांना आपल्या रामायणाचं वेड लागलं. त्यांनी मुंबईचे राम मोहन ह्यांना बरोबर घेऊन साडेचारशेच्या आसपास चित्रकार लावले, लाखभर सेल हातांनी रंगवून घेतले, आणि पुरा रामायणपट उभा केला. १९९३च्या जानेवारीत तो दिल्लीच्या महोत्सवात दाखवला गेला. मोगली आमच्या वाड्यात आला तेच हे वर्ष. चित्रपटगृहांत सगळीकडे लागायला मात्र त्याला २४ जानेवारी २०२५ उजाडावं लागलं. हिंदीत त्यातला रावण अमरीश पुरींच्या आवाजात बोलतो. आम्ही सहकुटुंब पाहिला. आईने तर चप्पल बाहेर काढायची का, असंही विचारलं.

केळकर संग्रहालयाच्या विस्तारासाठी शासनाने जागा नेमून दिली ती आमच्या बावधनला. तेव्हा अडकित्ते कधीतरी आमच्याकडे राहायला येतील, ह्या आशेवर मी आहे. शेजार चांगला हवा.

त्या रविवारी घरी आल्यावर मी जबडा डब्यातून कायमचा बाहेर काढला. आता तो कपाटाच्या वरच्या खणात, साध्या कागदाच्या घडीत, मोकळा असतो. दर रविवारी सकाळी त्याला हवा खायला टेबलावर ठेवतो. ऊन लागू द्यायचं नाही, पंखा मंद. अर्धा तास. वेळ तीच, १९९३ची.

मागच्या महिन्यात असाच तो टेबलावर होता. चिरंजीव आले, मोबाइल खिशात टाकला (ही घटना स्वतंत्रपणे नोंदवण्यासारखी), आणि चित्रकलेच्या वहीवर त्यांनी एक वाघ काढला. बरा होता, मागचे पाय जरा म्हशीचे झाले होते. त्या वाघाला त्यांनी तोंड काढलं नाही. मग मला विचारून, दोन बोटांनी जपून कड धरून, जबडा त्या कागदावर ठेवला. कधी नाही ते बाकीचा वाघ मिळाला. पंख्याच्या वाऱ्याने सेल किंचित हलत होता. वाघ आता बोलेल असं वाटत होतं.

"बाबा, आजोबा ह्याचा आवाज काढायचे ना? कसा?"

मी घसा साफ केला. मान खाली, डोळे वर. आवाज आला तो नाना पाटेकरांचा, तोही सर्दी झालेला. पुन्हा केला. ह्या खेपेला आमचे शाखाधिकारी आले. तिसऱ्यांदा प्रयत्नच केला नाही. पोरगं माझ्याकडे बघत होतं, आणि मला समजलं की खातं बंद झालेलं आहे.

आई तिथेच खाली बसून शेंगा सोलत होती. तिने 'जंगल बुक' कधी पाहिलं नव्हतं. वाड्यात पाणी सकाळी यायचं. रविवारी त्या अर्ध्या तासात सगळ्या बायका नळावर असत. तिने ऐकला असेल तो रात्रीचा, जेवणाच्या पंगतीतला शेरखान. सुपातलं लक्ष न काढता, मान खाली ठेवून, डोळे तेवढे वर करून ती खर्जात म्हणाली:

"मोगल्या! सही जुळत नाही तुझी! उद्या ये!"

तोच आवाज. शेवटच्या 'ये'ला थोडा कापणारासुद्धा. चिरंजीव खुर्चीवरून घसरले आणि "आजी, पुन्हा!" म्हणून ओरडले. सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. आईने पुन्हा म्हटलं, मग आणखी एकदा. मोबाइल खिशातून काढायचं आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

मी खाली बसून टरफलं गोळा करायला लागलो. शेंगा मी खाल्ल्या नाहीत, टरफलं उचलणार नाही, असं लोकमान्यांनी गुरुजींना बाणेदारपणे सुनावलं होतं म्हणतात. पण ते लोकमान्य. मला त्या क्षणी मान खाली घालून काहीतरी गोळा करणं भाग होतं.